आंबीलवाले आप्पा आणि माझं पिवळं पत्रक

अन्याय झाला तो ईट गावच्या शेवंताबाईंवर. केव्हा झाला तेही सांगतो, कारण 'केव्हातरी' झालेल्या अन्यायाचा जाब कुणी देत नसतं. पोळ्याच्या आधीचा भूमचा आठवडी बाजार, सकाळी सव्वाअकरा. शेवंताबाई नेहमीच्या जागी कारळाची आणि जवसाची चटणी मांडून बसल्या होत्या. एका गिऱ्हाइकाची पुडी बांधता बांधता त्या बसल्या जागी कलंडल्या. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. ते सोडलं तेव्हा धाकटं बोट काळं पडलेलं दिसलं. त्यांना शुगर होती, आणि तीन आठवडे त्यांनी गोळी घेतली नव्हती.

का घेतली नव्हती? चटणी बांधायच्या कागदांच्या गठ्ठ्यात उत्तर होतं. अर्ध्या पानाचं पिवळं पत्रक, वर जाड ठशात छापलेलं: 'आप्पा सांगतात: रोज आंबील प्या, शुगरची गोळी फेकून द्या!'

ते पत्रक मी लिहिलं होतं. अन्याय करणारा मी. आणि ज्यांच्या नावावर मी तो केला, त्या आप्पांनी हे वाक्य जन्मात कधी उच्चारलं नव्हतं.

आप्पा माझे घरमालक. भूमला बसस्टँडच्या मागं त्यांचं चार खणांचं घर होतं, त्यातली रस्त्याकडची खोली मला मिळाली. मी तेव्हा चळवळीच्या कामाला भूमला आलो होतो. खोली बघायला गेलो तर त्यांनी माझी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, भाड्याचंही काढलं नाही. विचारलं ते असं:

"काल रातच्याला काय खाल्लंस?"

"वडापाव."

"आज सकाळी?"

"चहा-बिस्किट."

"आनि दुपारी?"

"अजून काही नाही."

"बस हितं." मी बाजेवर बसलो. सत्तरी ओलांडलेला, धोतर नेसलेला, कपाळावर भस्माचे पट्टे असलेला तो माणूस खाली वाकला आणि त्यानं सरळ माझ्या पोटाला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग उठून म्हणाले, "सुतकाच्या घरावानी शांत हाय की रं आत. खोली घे. पर जेवायला आठ दिवस माझ्याकडं."

वेडा म्हातारा आहे, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं. ती डायरी अजून माझ्याकडं आहे आणि ते पान मी फाडलेलं नाही. लाज वाटली पाहिजे म्हणून.

हे कान लावणं कुठून आलं, ते नंतर कळलं. ढोकीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. मळीच्या पाण्यात यीस्ट सोडून ती आंबवायची, त्या टाक्यांवर आप्पा कामाला होते. यंत्रावरचे काटे बघायच्या आधी ते टाकीला कान लावायचे. आतली बुडबुड कशी चालली आहे यावरून ते सांगायचे, ही टाकी खूश आहे, ही उपाशी आहे, हिच्यात कुणी भलतंच घुसलंय. "एकदम साखर वतली तर टाकी बी बिघडती नि माणूस बी," असं ते म्हणायचे. "आत काम करनाऱ्याला सोसंल तेवढंच नि सोसंल तसंच द्यावं लागतं."

निवृत्त झाले आणि, मी भूमला यायच्या बाराएक वर्षं आधी, त्यांना स्वतःलाच शुगर निघाली. दुसऱ्या कुणी रडगाणं गायलं असतं. आप्पा लातूरच्या आणि धाराशिवच्या कॉलेजांत जाऊन प्राध्यापकांच्या दारात बसू लागले. आपल्या आतड्यात जीवाणू असतात, त्यांचं आणि शुगरचं, वजनाचं काय नातं आहे ते मला समजावून सांगा, म्हणायचे. इंग्रजी येत नव्हतं. कुणी पोरगं लेख वाचून मराठीत सांगायचं आणि आप्पा शाळेच्या वहीत लिहून घ्यायचे. डिस्टिलरीतला कामगार! मला चळवळीत भेटलेल्या निम्म्या पदवीधरांनी आयुष्यात इतका अभ्यास केलेला नाही.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: "आपन एकटं जेवत न्हाय."

आपण भात, साखर, मैदा खाल्ला की तो वरच्यावरच पचून रक्तात जातो, असं ते सांगत. खाली मोठ्या आतड्यात जे कोट्यवधी जीव राहतात, त्यांच्या ताटात काहीच पडत नाही. त्यांना लागतं ते आपल्याला न पचणारं: जोंधळ्याचं साल, डाळींची टरफलं, भाज्यांचा चोथा. ते त्यावर जगतात, ते आंबवतात आणि त्यातून जे आम्ल तयार करतात त्यावर आपल्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं. त्या आम्लाचा साखर आवरायलाही हातभार लागतो. त्यांना उपाशी ठेवलं तर? "मग ते घरच खायाला लागतेत," आप्पा म्हणायचे. आतड्याच्या आतून जो बुळबुळीत थर असतो तो कुरतडतात. मग अंगात बारीक बारीक आग लागते आणि साखर ताळ्यावर राहत नाही. एवढं सांगून झालं की प्रत्येक वेळी, न चुकता, ते पुढचं वाक्य म्हणत: "असं आत्तापातूर समजलंय. अजून शोधायलेत. उद्या बदललं तर मी बी बदलनार."

हे पुढचं वाक्य मला कधीच आवडलं नाही.

जेवायला बसले की पोटावर दोन टिचक्या मारून आप्पा कानडीत विचारायचे, "ऊटा आयता?" जेवण झालं का? त्यांचं घर मूळचं उमरग्याकडचं, घरात कानडी. मी विचारलं, आप्पा, आतल्या मंडळींना मराठी कळत नाही का? तर म्हणाले, "कळतंय. पर आईनं पहिला घास कानडीत दिला न्हवं. तवाची जुनी मानसं हायत आत."

भूममधल्या एका मोठ्या लग्नात आप्पांनी पंगतीत बसून खांद्यावरच्या पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली. सोबत मटकीची उसळ, वर कच्चा कांदा. नवरीचा बाप धावत आला. "आप्पा, आमच्यात काय कमी पडलं?"

"तुमच्यात काय कमी न्हाय पाटील. तुमी मला बोलावलं, मी आलो. माझ्या आतल्या पाव्हन्यांस्नी पत्रिका न्हवती, म्हनून त्यांनी त्यांचा डबा आनलाय." सगळी पंगत हसली. त्यानंतर त्याच पंगतीत आप्पांनी एक जिलेबी डोळे मिटून, बोटं चाटत खाल्ली. एकच. मी म्हटलं, हे कसं चालतं? म्हणाले, "मी बी जेवायला नको व्हय?"

आणि आंबील. जोंधळ्याचं पीठ संध्याकाळी ताकात भिजवायचं, सकाळी त्याला आंबूस वास आला की पाण्यात शिजवायचं, वरून लसूण-जिरं. गार झाल्यावर पुन्हा वाटीभर ताक. आमच्या भागात उन्हाळ्यात घरोघरी होणारी साधी गोष्ट. मी एकदा कुणाला तरी आवेशानं सांगत होतो की आंबिलीत कोट्यवधी जिवंत जीवाणू असतात. आप्पांनी मला तिथंच थांबवलं. "शिजवल्यावर त्यातलं बहुतेक मरतंय रं. जे जितं हाय ते वरच्या ताकात. आंबील म्हंजे आतल्यांचं जेवन. खोटं कशाला सांगतूस? खरं काय कमी हाय का?"

रोज सकाळी आंबिलीचा पेला रिकामा झाला की आप्पा फळीवरचा पत्र्याचा डबा काढायचे. त्यातली शुगरची गोळी तळहातावर घ्यायचे, पाण्यासोबत गिळायचे आणि डबा जागेवर ठेवायचे. बारा वर्षं हे असं चाललं होतं. मी ते रोज बघत होतो. आणि खरं सांगतो, मला ते खटकायचं. एवढा मोठा माणूस, एवढं ज्ञान, आणि शेवटी कंपनीची गोळी! मला वाटायचं, ही त्यांची कमजोरी आहे.

आता पत्रकाचं. चळवळीच्या शिबिरात मला पत्रक लिहायचे तीन नियम शिकवले होते. वाक्य आखूड ठेवा. दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगा. आणि 'पण' हा शब्द वापरू नका. 'पण' आला की वाचणारा पान उलटतो. मी चिडलेला होतो. अजूनही आहे. जोंधळा पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात पोरांच्या डब्यात बिस्किटाचा पुडा जातो, वसतिगृहात तीन वेळ पांढरा भात वाढतात, आणि मग चाळिशीतल्या माणसांना शुगर निघाली की सगळे नशिबाला बोल लावतात. याच्यावर पत्रक निघायलाच हवं होतं. मी काढलं. पाचशे प्रती. आप्पांची सगळी 'पण' मी गाळली. 'आत्तापातूर समजलंय' गाळलं. 'हळूहळू' गाळलं. आणि गोळीचं काय करायचं हे मोकळं राहिलं तेव्हा ते वाक्य मी स्वतः घातलं. आखूड होतं. ठसकेबाज होतं.

वाटपाची युक्तीही माझीच, आणि तिचा मला गर्व होता. शेवंताबाईंची चटणी भूम तालुक्यातल्या गावागावांत जाते. मी त्यांना दोनशे पत्रकं दिली आणि म्हटलं, मावशी, रद्दी कशाला वापरता, यात पुड्या बांधा. पत्रक थेट स्वयंपाकघरात पोचेल. पोचलं. बाकीची मी बसमध्ये, पारावर, दवाखान्याच्या रांगेत वाटली. होय, दवाखान्याच्या रांगेत.

शेवंताबाईंना मुलानं ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून धाराशिवला हलवलं. ते पत्रक बाजारातल्या कुणीतरी आप्पांच्या हातात आणून दिलं. मी घरी पोचलो तेव्हा आप्पा भिंग घेऊन ते वाचत होते. त्यांच्यासमोर ताट वाढलेलं, तसंच.

"हे कोन म्हनलं?"

"आप्पा, माझा अर्थ असा होता की..."

"अर्थ न्हाय इचारला. कोन म्हनलं हे?"

"मी."

"नि नाव कुनाचं घातलंस?"

"तुमचं."

"माझी गोळी दिसत हुती न्हवं तुला रोज?"

"दिसत होती."

"मग?"

मी म्हणालो, "जागा पुरली नाही."

आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख वाक्यं बोललो असेन. याच्याइतकं लाजिरवाणं एकही नाही. आप्पा ओरडले नाहीत. ताट झाकलं. हात धुतले. "छापलीस किती?" "पाचशे." "वाटलीस किती?" "सगळी." त्यांनी पिशवी खांद्याला लावली, फळीवरचा डबा पिशवीत टाकला आणि म्हणाले, "चल कार्यकर्ते. गोळा करायची हायत."

पुढचे एकोणीस दिवस आम्ही एसटीनं आणि पायी फिरलो. चुकीचं पत्रक मागं घ्यायला मी आधी कधी कुणाला जाताना बघितलं नव्हतं. नवं पत्रक काढायचं, जुनं लोक विसरतात, हे आम्हा कार्यकर्त्यांना माहीत. आप्पा घरोघर गेले. "पिवळा कागुद आलाय का? चटणीला गुंडाळून?" कागद मिळाला की पुढचा प्रश्न, "घरात शुगरची गोळी कुनाला हाय? बोलवा त्यास्नी." आणि प्रत्येक उंबऱ्यावर पहिलं वाक्य, "चूक झालीया माझ्याकडनं."

तिसऱ्या दिवशी मला ते ऐकवेना. "आप्पा, चूक माझी आहे. मी सांगतो."

"नाव माझं हाय ना वर? मग झालं. तू पिशवी धर."

सकाळची गोळी ते आता घरी घेत नव्हते. रोज वेगळं गाव, तिथं दिवसाचं पहिलं जेवण पारावर, मंदिराच्या पायरीवर, जिथं माणसं असतील तिथं. भाकरी खायची, आंबील प्यायची आणि मग डब्यातून गोळी काढून सगळ्यांना दाखवून गिळायची. "बघा. आंबील आतल्यांसाठी, गोळी माझ्यासाठी. दोघांचं काम येगळं." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस स्वतःचा आजार असा चव्हाट्यावर मांडत होता, आणि लोक हसत होते.

ईटच्या पारावर एक झुपकेदार मिशांचे गृहस्थ मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "काय आप्पा, कागदात एक नि तोंडात एक? डाक्टरनं फितवलं व्हय तुमाला?"

"व्हय. बारा वर्सं झाली फितवून," आप्पा म्हणाले. "म्हनून तर डोळं शाबूत हायत. तुमची मिशी हितनं दिसायलीय, एका बाजूनं जादा कापलीया." पार हसला. मिशीवाल्यांचा हात मिशीकडं गेला. थोड्या वेळानं तेच गृहस्थ घरी जाऊन पत्रक घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "बायकोची गोळी बंद हाय आप्पा. चला जरा."

पण मी जे कधी विसरणार नाही ते त्याच गावातलं दुसरं घर. तिथल्या शेतकऱ्यानं पत्रक वाचून महिनाभर गोळी बंद केली होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं दणकट. तो काही ऐकेना. "मला बरं वाटायलंय आप्पा. हलकं वाटतंय. तुमच्या आंबिलीनंच वाटतंय. आता तुमीच नको म्हनता?"

"आंबील नको म्हनत न्हाय. गोळी घे म्हनतो. निदान रगत तरी तपासून घे."

"मला काय झालं न्हाय. कशाला तपासू?"

"टाकी बी वरनं गपच दिसती, आत बिघडल्याली असली तरी."

तो शेताकडं निघाला. आप्पा त्याच्या दारातल्या दगडावर बसले. "मी हाय हितंच." सकाळचे साडेनऊ. घरातल्या बाईनं चहा आणला, घेतला नाही. भाकरी आणली, घेतली नाही. शुगर असलेल्या माणसानं उपाशी बसू नये, हे तेच सगळ्यांना सांगत आले होते. मी म्हटलं, "आप्पा, चक्कर येईल. खा काहीतरी." म्हणाले, "त्यो आल्याबिगर न्हाय." अकरा वाजले. बारा वाजले. शेजारच्या बाया दारात येऊन बघू लागल्या. सव्वाएकला आप्पांचे हात थरथरायला लागले, कपाळाला घाम फुटला. त्या बाईनं ते बघितलं आणि ती अनवाणी शेताकडं पळाली. मी जबरदस्तीनं त्यांच्या तोंडात गूळ घातला.

नवरा धावत आला. दारातच आप्पांचा हात धरून म्हणाला, "चला. तपासतो. पर आधी तुमी जेवा."

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी त्याच्या बोटातून थेंब घेतला. आकडा बघितला, परत घेतला. मग त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "भूमला जा. आजच."  तो माणूस चिडून आप्पांना म्हणाला, "म्हंजे आंबील खोटी?"

"खोटी न्हाय. हळू हाय," आप्पा म्हणाले. "आतलं गाव वसायला वेळ लागतो, बाबा. तोवर गोळीनं धरून ठिवायचं. नि फुडं गोळी कमी करायची का न्हाय, ते डाक्टर आकडा बघून सांगंल. पत्रक बघून न्हाय."

मी त्यांच्या मागं उभा होतो. आजवर मी सभा गाजवल्या होत्या, मोर्चे काढले होते. सगळ्या आयुष्यात इतकं खरं वाक्य मी एकदाही छापलं नव्हतं, कारण ते आखूड नव्हतं.

शेवंताबाईंचं बोट गेलं. पाय वाचला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर बसून कारळं निवडत होत्या. मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे. तुला समद्यांचा लई राग येतो न्हवं? आता सोताचा बी येऊ दे जरा." मग आप्पांकडं वळून म्हणाल्या, "पर भाकरी नि आंबील सोडनार न्हाय हं मी, सांगून ठिवते."

"सोडूच नका."

"नि गोळी बी."

"ती तर न्हाईच."

मी खाटेच्या कडेला टेकून कारळं निवडू लागलो. 

पाचशेपैकी चारशे सदतीस पत्रकं परत आली. आप्पांनी ती चुलीत घातली नाहीत. एकेक कागद भिजवून, कुस्करून परसातल्या खड्ड्यात शेणकाल्यात मिसळला. म्हणाले, हितल्या जीवांना तरी काम लागंल.

मागच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. झोपेत, पहाटे. त्यांच्या लिंगायतांत जाळत नाहीत. बसवून, हातात इष्टलिंग देऊन माती देतात. जिवंत असताना ते याच्यावरही विनोद करायचे: "बरं हाय. आतल्या मंडळींचे हाल न्हाईत. घर पडलं की त्यांनी सरळ शेतात जायाचं." माती द्यायला ईटचा तो दणकट शेतकरी आला होता. त्यानं खड्ड्यात उतरून आप्पांना धरून बसवलं. त्याची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली आहे. बंद केलेली नाही. तो रोज आंबील पितो.

त्रेसष्ट पत्रकं अजून सापडलेली नाहीत. ती कुणाच्या घरी आहेत मला माहीत नाही, आणि माझ्यासारख्यांची दुसऱ्या रंगांची, मोबाइलवर फिरणारी पत्रकं तर मोजताच येणार नाहीत. म्हणून वाचून हळहळू नका. माझी मागणी साधी आहे आणि ती तुमच्याकडं आहे. हे पान मिटवा, उठा, आणि घरात ज्याला शुगर आहे त्याच्यासमोर जाऊन बसा. आई असेल, चुलता असेल, सासरे असतील. त्यांना विचारा, शेवटची गोळी कधी घेतली, आणि कुणाचं ऐकून बंद तर केली नाही ना? बंद केली असेल तर उद्या सकाळी पहिल्या गाडीनं त्यांना रक्त तपासायला घेऊन जा. ते नाही म्हणतील. तुम्ही दारातून हलू नका.